थांबणार की नाही

“पालकांची सभा उद्या आहे बाई, आज नाही,” गेटवरचा नवा वॉचमन म्हणाला, आणि ओळखपत्र काढायला पिशवीत गेलेला तिचा हात तिथेच राहिला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. उलट बिचारीला उगाच हेलपाटा पडला अशी काळजीच होती. “मी इथे शिकते,” ती म्हणाली. “शिकवता?” “नाही हो, शिकते.” मग त्याने तिच्या कानामागच्या पांढऱ्या बटांकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं आणि थट्टा समजल्यासारखा मनापासून हसला. नेमकी त्याच वेळी बिट्टी शेजारून गेली. मैत्रिणींच्या घोळक्यातून तिची नजर इकडे वळली, वॉचमनवरून फिरली, आईवरून फिरली आणि भिंतीवरच्या जुन्या सूचनेवरून फिरावी तशी पुढे गेली. तसं ठरलंच होतं. घरातून दोघी बरोबर निघत, बसमध्ये शेजारी बसत, आणि कॉलेजच्या अलीकडच्या वळणावर बिट्टी पावलं झपाझप टाकून पुढे जाई. “आई, प्लीज. आत गेल्यावर आपण दोन वेगळ्या मुली,” असं बिट्टीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यातल्या ‘मुली’ या शब्दावर आई इतकी खूश झाली होती की बाकीची अट तिने हसत हसत मान्य केली होती. वर्गाला ठाऊक नव्हतं असं नाही. आडनाव एक, नाक एक, चिडल्यावर भुवई उडवायची तऱ्हा एक. पण वर्ग शहाणा होता. सगळे तिला ‘काकू’ म्हणत, बिट्टीला बिट्टी म्हणत आणि मधल्या जागेत कुणी पाय टाकत नसे.

ओळखपत्र पाहून वॉचमन ओशाळला, “जा जा, मॅडम,” म्हणाला. ती जिना चढू लागली. धुतलेल्या फरशीचा ओला, औषधी वास येत होता. खरंच आहे त्याचं, ती मनात म्हणाली. मी पालक आहे. उद्या या सभेला मीच येऊन बसणार, ‘मुलगी कशी आहे अभ्यासात’ म्हणून विचारणार, आणि मग समोरचे सर म्हणतील, मुलगी ठीक आहे, पण आईचं काही खरं नाही. कारण खरंच काही खरं नव्हतं. या एका विषयाच्या दोन्ही चाचण्यांत ती आपटली होती. गणनसिद्धान्त. नावच असं की जिभेला आधी अडखळायला होतं. दुकानातला मदतनीस या महिन्याअखेर सोडून चालला होता, आणि नवरा काल सकाळी दाढी करता करता आरशातूनच म्हणाला होता, “अगं, मी जबरदस्ती करत नाही. पण एकट्याने डोळे तपासायचे, फ्रेमी दाखवायच्या, फोन घ्यायचे... तूच सांग. उद्यापर्यंत सांग म्हणजे झालं.” चष्म्याचं दुकान दोघांचं होतं. बिट्टी पाळण्यात असल्यापासून ती तिथे उभी राहिली होती. गिऱ्हाइकाचं नाक पाहून फ्रेम सांगायची, काच घासून घ्यायची, म्हाताऱ्यांच्या कानामागची दांडी गरम करून हलकेच वाकवायची. नवऱ्याने ‘उद्यापर्यंत’ म्हटलं तो उद्या आज होता. जिन्याच्या वळणावर पोचेपर्यंत तिचं ठरून गेलं. आज दुपारी दुकानात गेल्यावर सांगून टाकायचं. झाली हौस. सोडते.

आणि ठरल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं, तसं ते झालं नाही. वर्गात खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर बसताना तिला आपलंच नवल वाटलं, की निरोप घ्यायच्या वेळी आठवावं तसं एकेक आठवत होतं. हाच संगणकाचा अभ्यासक्रम तिने फार पूर्वी सुरू केला होता, दुसऱ्या गावात, दुसऱ्या जन्मात. पहिलं वर्ष उत्तीर्ण झाली आणि निकालाच्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अभिनंदन. तेव्हा शून्य आणि एक यांचे आकडे तिच्या डोक्यात ताजे होते. संगणकातली सगळ्यात लहान गोष्ट म्हणजे बिट, ती असते किंवा नसते, अधलंमधलं काही नाही. पोटावर हात ठेवून ती म्हणाली होती, ही आहे. म्हणून बिट्टी. नवऱ्याला अजून वाटत होतं की हे नुसतं लाडाचं नाव आहे. पुढे कॉलेज राहिलं ते राहिलं, आणि बिट्टीने याच शाखेला प्रवेश घेतला तेव्हा तिची पहिल्या वर्षाची पुस्तकं आवरताना ही स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचायला लागली आणि दूध उतू गेलं. जुन्या गुणपत्रिकेवर थेट दुसऱ्या वर्षाला घेतात असं कळलं तेव्हा नवरा म्हणाला होता, “जा की. घरात दूध तरी शिल्लक राहील.”

मग ते दुसरं वर्ष! काय वर्ष होतं ते. डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला सर म्हणाले, स्टॅक म्हणजे जे शेवटी ठेवलं ते आधी निघतं, आणि तिला खुर्चीतून उडी मारावीशी वाटली, कारण धुतलेल्या ताटांची चळत ती जन्मभर तशीच काढत-ठेवत आली होती आणि त्याला नाव असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डेडलॉक आला, दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या हातातली वस्तू सुटायची वाट बघत जन्मभर उभे. तिला मोठी नणंद आणि धाकटी नणंद आठवल्या, ‘आधी तिने बोलावं मग मी बोलेन’ म्हणत एका गल्लीत राहून वर्षानुवर्षं अबोला धरून बसलेल्या. ती तासात एकटीच खुदकन हसली आणि बिट्टीने मागून घसा खाकरला. नेटवर्कमध्ये दोन यंत्रं बोलण्याआधी एकमेकांना विचारतात, ऐकू येतंय का, येतंय, माझं तुला येतंय का, हे शिकल्यावर कमी ऐकू येणाऱ्या वडिलांना फोन करताना तिला दर वेळी गुदगुल्या होत. घरी बिट्टी तिला म्हणायची, “आई, तू ना प्रत्येक गोष्टीत नातेवाईक घुसवतेस. हे गणित आहे.” म्हणायची, पण ऐकत बसायची. जेवणाच्या टेबलावर दोघी ताटं सरकवून त्यावर आकृत्या काढत, नवरा मधून भाजीचं भांडं उचलून नेई. हे सगळं आता मागे सोडायचं? ती बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. पण मग या वर्षी हा गणनसिद्धान्त आला, आणि त्यात ना ताटं होती ना नणंदा. नुसती चिन्हं. बाणांनी एकमेकांना जोडलेली वर्तुळं. तिला वाटू लागलं की इतके दिवस आपण अंगणातच खेळत होतो. घराचं दार हे इथे आहे, आणि आत सगळ्यांना काहीतरी माहीत आहे, आपल्यालाच नाही.

सर आले. सर तिच्यापेक्षा वयाने बरेच लहान, अंगाने किडकिडीत, आणि शिकवताना मार्करचं टोपण दातात धरायची सवय. त्यांनी आज हजेरीही घेतली नाही. “एक प्रश्न विचारतो,” ते टोपणासकट म्हणाले. “तुम्ही प्रोग्रॅम लिहिता. कधी तो काम करून थांबतो. कधी तुमच्या चुकीने गरगर फिरतच बसतो. बरोबर? आता मला असा एक प्रोग्रॅम हवा आहे की त्याच्या हातात दुसरा कुठलाही प्रोग्रॅम द्या, आणि त्या दुसऱ्याला काय पुरवणार तेही द्या, की हा नीट तपासून सांगेल: थांबणार, किंवा थांबणार नाही. कधीच चुकणार नाही, आणि उत्तर दिल्याशिवाय राहणार नाही. लिहिता येईल?”

“चालवून बघायचं की सर,” कुणीतरी म्हणालं.

“बघ. तासभर चालवलास, थांबला नाही. मग काय सांगशील? पुढच्या मिनिटाला थांबणार नाही कशावरून?”

“फोन सांगतो ना सर, ॲप प्रतिसाद देत नाही म्हणून.”

“तो सांगत नाही, तो कंटाळतो,” सर म्हणाले आणि वर्ग हसला. “मला कंटाळणारा नको. मला जाणणारा हवा.” त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढून आत ‘पारखी’ असं लिहिलं. “हा पारखी कुणालाही, कधीही लिहिता येणार नाही. संगणक कितीही वेगवान होऊ देत. हे नुसतं मत नाही, सिद्ध करता येतं. पुढचे दोन तास आपण तेच करणार आहोत. पण आधी थोडा वेळ स्वतः झगडा. तो आहे असं समजा, आणि त्याला खोटा पाडा.”

खोटा पाडा. तिच्या कानांच्या पाळ्या एकदम तापल्या. खिडकीतून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला नि गेला. पारखी सगळं जाणतो, कुणाचंही पाहून सांगतो, हा थांबणार, ही थांबणार नाही, आणि त्याला खोटं पाडायचं... तिला सासूबाई दिसल्या. आरामखुर्चीत, पायावर शाल, आणि समोर तीन वर्षांची बिट्टी हातात दुधाचा पेला घेऊन. सासूबाईंना भाकितं करायची फार हौस. “बघ हं, आता ही सांडणार,” असं त्या म्हणत, आणि बिट्टी त्यांच्याकडे रोखून बघत तो पेला टेबलावर असा ठेवी की थेंब हलू नये. “आज गुणी बाळ आहे, आज नाही सांडणार,” म्हटलं की सगळं दूध जमिनीवर. सासूबाई हैराण. शेवटी शेवटी त्या मुद्दाम उलटं म्हणायला लागल्या; पण मग ती त्याच्याही उलट करी, कारण त्या काय म्हणतात याच्याशी तिचा संबंध होता, त्यांच्या मनात काय आहे याच्याशी नव्हता. सासूबाई कितीही हुशार असोत. त्या तोंडाने जे म्हणतील ते खोटं ठरणारच. ठरणारच! ती बाकाला घट्ट धरून बसली. पोरगी हट्टी आहे एवढंच पुरे. बाकी काही लागतच नाही. पारखीची हुशारी मोजायची गरजच नाही.

ती उभी कधी राहिली ते तिला कळलं नाही. “सर, बोलू?”

“या काकू. इकडेच या, फळ्याशी.”

मार्कर हातात आला. “म्हणजे असं बघा,” ती म्हणाली आणि आवाज दुकानातल्यासारखा मोठा आला, “की एक हट्टी मूल आहे. आपण म्हणालो, सांडणार, तर ते सांडत नाही. म्हणालो, नाही सांडणार, तर सांडतं. मग त्या मुलाबद्दल खरं सांगणारा माणूस असेल का? कितीही शहाणा असला तरी? तसाच एक हट्टी प्रोग्रॅम लिहायचा. पारखी म्हणाला थांबणार, की हा फिरत बसणार. तो म्हणाला नाही थांबणार, की हा लगेच थांबणार. झालं! पारखी चुकला!” तिने चौकोनावर फुलीच मारली. वर्गात कुणीतरी “ओ हो” म्हणालं. सरांनी टोपण दातातून काढलं. आणि मागच्या बाकांवरून, स्वच्छ, चिडका, ओळखीचा आवाज आला:

“आई, थांब. हे चुकतंय.”

सगळ्या माना मागे वळल्या. बिट्टी उभी होती. कान लाल, एक भुवई उडालेली. आपण काय हाक मारली याचा तिला पत्ताच नव्हता. तिची नजर फळ्यावर खिळली होती. “मूल ऐकतं ना आजीचं. म्हणून उलट करतं. प्रोग्रॅमला पारखीचं उत्तर ऐकू कुठून येणार? पारखी कुठेतरी बाहेर बसून सांगेल. याला काय कळणार तो काय म्हणाला?”

तिने फळ्याकडे पाहिलं. खरंच की. सकाळचा वॉचमन, चाचण्यांचे पेपर, सगळे एकदम त्या फुली मारलेल्या चौकोनातून वर डोकावले. जाऊन बसावं. ‘बरोबर आहे हो तुझं’ म्हणून हसावं आणि बसावं. पण मार्कर खाली ठेववेना. ऐकणार कुठून, ऐकणार कुठून. आजी बाहेर बसलेली. आणि आजी जर बाहेर नसती... “बिट्टी,” ती हळूच म्हणाली, वर्ग विसरून, “पारखी म्हणजे तरी काय? प्रोग्रॅमच ना?”

“हो. मग?”

“मग तो बाहेर कशाला बसवायचा? उचलायचा आणि या हट्ट्याच्या पोटात घालायचा. आजीच पोटात. स्वतःच आतल्याला विचारायचं आणि स्वतःच उलट वागायचं.” तिने मोठा चौकोन काढला, आत छोटा. बिट्टी आता बाकांमधून पुढे येत होती. “चालेल,” ती म्हणत होती, “चालेल, चालेल, पण आतल्याला विचारायचं काय? त्याला एक प्रोग्रॅम द्यावा लागतो, आणि त्या प्रोग्रॅमला काय पुरवायचं तेही द्यावं लागतं. ते दोन्ही...” ती फळ्यापाशी पोचली, आईच्या हातातला मार्कर तिने न विचारता काढून घेतला. “थांब थांब थांब. हट्ट्याला कुठलाही प्रोग्रॅम दिला, की तो आतल्या पारखीला विचारतो, हा प्रोग्रॅम याच्या स्वतःच्याच हातात दिला तर थांबेल का? आणि जे उत्तर येईल त्याच्या उलट वागतो.”

“आणि मग हट्ट्याच्या हातात...”

“हट्ट्यालाच द्यायचं!” दोघी एकदम म्हणाल्या.

नंतरचं सगळं भराभर झालं. बिट्टी लिहीत होती, ती सांगत होती, मध्येच ती लिहीत होती आणि बिट्टी सांगत होती. आतला म्हणाला थांबणार, तर हा फिरत बसला. आतला म्हणाला नाही थांबणार, तर हा थांबला. दोन्हीकडून खोटा. पळायला तिसरी वाट नाही. म्हणून पारखी नाही. नव्हताच. असूच शकत नाही. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा सगळा वर्ग पुढे झुकलेला होता, आणि सर एका रिकाम्या बाकावर जाऊन विद्यार्थ्यासारखे बसले होते. “हेच,” ते म्हणाले. “पुस्तकात चिन्हं वेगळी आहेत. पण हेच. दोन तासांचं काम संपवलंत तुम्ही मायलेकींनी, आता मी काय शिकवू?” तेव्हा कुठे बिट्टीला आपण कुठे उभ्या आहोत ते उमगलं. ती गोंधळली, मार्कर आईच्या हातात कोंबला, आणि मग परत जायच्या ऐवजी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली, आईच्या खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. तिच्या अंगातून ताप आल्यासारखी ऊब येत होती. “आजीला पोटात काय घालतेस,” ती पुटपुटली, आणि दोघींना हसू आवरेना.

सर उठले. “पुढचा तास उरला आहे तर पुढचाच प्रश्न सांगून ठेवतो,” ते म्हणाले. “एखाद्या कोड्याचं उत्तर कुणी आणून दिलं तर ते बरोबर आहे का, हे तपासायला सोपं असतं. शब्दकोडं भरलेलं असेल तर चटकन कळतं. पण कोरं कोडं स्वतः भरायचं तर घाम फुटतो. आता प्रश्न असा: जे तपासायला सोपं, ते शोधायलाही सोपंच असतं का, फक्त आपल्याला अजून युक्ती सापडली नाही इतकंच? की काही गोष्टी शोधायला मुळातच अवघड असतात?”

“मग? काय असतं?” तिने विचारलं. ती अजून फळ्याशीच होती.

“माहीत नाही.”

“पुढच्या तासाला सांगणार?”

“नाही काकू. मला माहीत नाही म्हणजे कुणालाच माहीत नाही. पुस्तकात नाही. जगात कुणाकडेच याचं उत्तर नाही. मोठमोठी माणसं आयुष्यभर झटली आहेत. बहुतेकांना वाटतं की अवघडच असावं, पण सिद्ध कुणालाच करता आलेलं नाही.”

कुणालाच नाही. ती खाली जिना उतरली, गेटमधून बाहेर पडली, बसमध्ये बसली, तरी ते दोन शब्द उतरायला तयार नव्हते. इतकी वर्षं तिची अशी पक्की समजूत होती की जगात सगळं ज्ञान कुठेतरी व्यवस्थित घड्या घालून ठेवलेलं आहे, कपाटाच्या किल्ल्या इतरांकडे आहेत आणि आपण उशिरा आलो. आणि आज कळत होतं की आतली एक भिंत कोरीच आहे. तिथे कुणीच आधी पोचलेलं नाही. तिथे सर आणि बिट्टी आणि जगातली ती सगळी मोठी माणसं आणि ती, सगळी एकाच ओळीत उभी, सगळ्यांचे हात सारखेच रिकामे. खिडकीतून ऊन थेट मांडीवर पडत होतं. समोरच्या सीटवरचा माणूस पेपर उलगडत होता; दुकानांचे फलक, सिग्नल, भाजीच्या पाट्या, दोरीवरचे कपडे, सगळं असं लख्ख दिसत होतं की जणू तिचाच नंबर बदलून कुणी नवी काच बसवली होती. मला जमणार नाही, तिने स्वतःला सांगून पाहिलं. हो, नसेलच जमणार. कुणाला जमलंय? आणि तिला इतका आनंद झाला की तिने ओठ घट्ट मिटून घेतले, नाहीतर शेजारच्या बाईला सांगितलंच असतं.

दुकानात एक आजोबा डोळे तपासायला बसले होते. नवरा त्यांच्यासमोर वाकून काचा बदलत होता. मदतनीस जेवायला गेलेला. तिने पिशवी काउंटरमागे टाकली, हात धुतले आणि न सांगता फ्रेमींचा ट्रे पुढे केला. आजोबांना बारीक सोनेरी दांडीची हवी होती. त्यांच्या रुंद नाकाला ती शोभणार नव्हती, हे तिने असं गोड बोलून पटवलं की ते जाताना दोन चष्मे सांगून गेले. दार बंद झाल्यावर नवरा स्टुलावर बसला. “मग?” तो म्हणाला. “काय ठरलं तुझं?”

“अहो, ऐका ना,” ती म्हणाली. सांगायचं होतं ते ‘सोडत नाही’ एवढंच, पण तिने सुरुवात पारखीपासून केली. हट्टी मूल सांगितलं, बिट्टीने भर वर्गात कशी हाक मारली ते सांगितलं, तुमच्या आईंना मी कुठे घातलं तेही सांगितलं. शब्दकोडं सांगितलं. हातातला काच पुसायचा रुमाल ती फळ्यासमोर असल्यासारखी हवेत फिरवत होती. नवरा ऐकत होता. त्याला किती कळलं कोण जाणे. मध्येच त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे बघत राहिला.

“आणि त्याचं उत्तर काय?” शेवटी त्याने विचारलं.

“तेच तर! कुणालाच माहीत नाही! जगात कुणालाच!”

“म्हणजे तुला पण नाही.”

“मला पण नाही!”

“आणि एवढी खूश आहेस,” तो म्हणाला. बाहेरून एक बाई काचेत वाकून स्वतःचेच केस नीट करून गेली. मग त्याने खणातून एक पांढरा पुठ्ठा काढला, जाड पेन काढलं, टोक अंगठ्यावर ओढून पाहिलं, आणि मोठ्या अक्षरांत लिहायला बसला. दोन-तीन अक्षरं झाल्यावर अडला.

“अगं, मदतनीस पाहिजे, यातल्या ‘नी’ला वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ?”

“दीर्घ,” ती म्हणाली.